सासूबाईंना बँकॉकला न्यायचं की नाही?

पत्राचा सारांश: भाऊबीज आटोपली की चार रात्रींसाठी बँकॉकला जायचं ठरतंय. मी, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा आणि सात वर्षांची मुलगी. प्रश्न सासूबाईंचा आहे. वय 69, गुडघे दुखतात, जिने नकोसे होतात. शुद्ध शाकाहारी, शिवाय चातुर्मासात कांदा-लसूणही नाही. विचारलं की म्हणतात, "तुम्ही जा, मी राहीन लेकीकडे." पण पासपोर्टसाठी फोटो मात्र त्यांनी न सांगताच काढून आणलेत. नवऱ्याने एजंटकडून तीन दिवसांत बघायच्या चौदा ठिकाणांची यादी आणली आहे. त्याचं म्हणणं, एवढा खर्च करून जायचं तर काहीही सोडायचं नाही. आईंना नेलं तर त्यांचे हाल होतील आणि आमचंही धड काही बघून होणार नाही, असं मला वाटतं. न नेलं तर मन खात राहील. काय करू? आणि नेलंच, तर यादीतलं काय गाळू?

ताई, आईंना न्या. पण आधी ती यादी बाजूला ठेवा, कारण अडचण गुडघ्यांपेक्षा यादीत जास्त आहे.

पत्रासोबत पाठवलेली चौदा नावं नीट वाचलीत का? त्यात "हाफ डे सिटी अँड टेंपल टूर" आहे, सफारी वर्ल्ड आहे, शंभरेक किलोमीटरवरचा तरंगता बाजार आहे, रात्रीची क्रूझ आहे, पाच मॉल आहेत. ग्रँड पॅलेस, म्हणजे थाई राजांचा राजवाडा, मात्र कुठेच नाही. हे नजरचुकीने राहिलेलं नाही. आपल्याकडच्या बऱ्याच पॅकेजमध्ये "टेंपल टूर" म्हणजे सोन्याचा बुद्ध किंवा संगमरवरी मंदिर, दोन्हीकडे अर्धा-अर्धा तास, आणि शेवटी जेम्स गॅलरीत, म्हणजे रत्नांच्या दुकानात, तासभर. राजवाड्याचं तिकीट माणशी 500 बाटचं आहे (एका बाटला अडीच ते तीन रुपये धरा) आणि आत निदान दोन-अडीच तास मोडतात. तेवढे पैसे आणि तेवढा वेळ स्वस्त पॅकेजमध्ये बसत नाही. म्हणजे "काही सोडायचं नाही" म्हणत आणलेल्या यादीतून नेमकं जे बघायला जग या शहरात येतं, तेच सुटलंय. नवऱ्याशी बोलताना सुरुवात इथूनच करा. "आईंना झेपणार नाही" म्हटलं तर वाद होईल. "यात ग्रँड पॅलेसच नाही" म्हटलं तर ते स्वतःच पेन घेऊन बसतील.

दुसरी गोष्ट. आई आल्या तर आपलं बघणं कमी होईल, असं तुम्ही धरून चालला आहात. राजवाड्याच्या आवारात वाट फ्रा केओ (थाईत "वाट" म्हणजे देऊळ) हे पाचूच्या बुद्धाचं मंदिर आहे. त्याच्या चारही बाजूंनी छताखालची लांबच लांब ओवरी आहे आणि तिच्या भिंतींवर रामकियन, म्हणजे थाई रामायण, 178 चित्रांत रंगवलेलं आहे. बहुतेक पर्यटक सोनेरी छपरांचे फोटो काढतात आणि या भिंतींवरून नजर टाकत पुढे सरकतात. त्यांना गोष्टच माहीत नसते. तुमच्या घरात ती तोंडपाठ असलेली व्यक्ती आहे आणि तिलाच तुम्ही घरी ठेवायला निघाला आहात.

चित्रांची सुरुवात उत्तरेकडच्या दाराजवळ होते. जनक राजाला शेतात सीता सापडते, ते पहिलं चित्र. तिथून प्रदक्षिणेसारखं डावीकडून उजवीकडे चालत जायचं. नावं थोडी बदललेली आहेत: फ्रा राम, फ्रा लक, नांग सीदा, फिफेक म्हणजे बिभीषण. रावणाचं नाव थोत्सकान, म्हणजे दशकंठ, आणि तो हिरव्या रंगाचा. हनुमान पांढराशुभ्र. एका भिंतीवर हा हनुमान डोंगराएवढा झालाय आणि रामाचा अख्खा तंबू त्याने तोंडात धरून ठेवलाय, कारण मैयराप रामाला पळवून न्यायला आलेला आहे. मैयराप म्हणजे आपला महिरावण. पुढे पाताळाच्या वाटेवर हनुमानाला अडवणारा मच्छानू हा त्याचाच मुलगा निघतो, आपल्याकडच्या मकरध्वजासारखा. गोष्टीत फरकही आहेत. इथला हनुमान ब्रह्मचारी नाही, मच्छानूची आई सुवन्नमच्छा ही मत्स्यकन्या थोत्सकानची मुलगी, आणि सीतासुद्धा थोत्सकानचीच, जन्मतःच पाण्यात सोडून दिलेली. आईंना हे पटणार नाही. नातवंडांना "आपल्यात असं नाही हं" म्हणून त्या खरी गोष्ट सांगतील आणि मुलं कुठल्याही गाईडपेक्षा कान देऊन ऐकतील. ओवरीला सावली आहे, चाल सपाट आहे. गुडघ्यांना ती झेपेल.

जो भाग झेपणार नाही तोही सांगते. राजवाड्याचं आवार मोठं आहे, फरशी तापते आणि मंदिरांच्या चौथऱ्यांना पायऱ्या आहेत. म्हणून वेळ सांभाळायची. दार सकाळी साडेआठला उघडतं, तुम्ही सव्वाआठला रांगेत असायला हवं. नऊ-साडेनऊपासून मोठ्या बसगाड्या रिकाम्या होऊ लागतात आणि दहानंतर दगड पाय भाजतो. तिकीटविक्री दुपारी साडेतीनला थांबते, पण दुपारी जाऊच नका. आधी पाचूचा बुद्ध उरका. मूर्ती 66 सेंटिमीटरची, उंच सिंहासनावर, आणि पाचूची नाही, हिरव्या जेड जातीच्या दगडाची. उन्हाळा, पावसाळा आणि थंडी असे वर्षातून तीनदा तिचे पोशाख राजाच्या हस्ते बदलतात. पादत्राणं बाहेर, आत फोटो नाही, आणि बसताना पाय बुद्धाकडे करायचे नाहीत. जमिनीवर बसणं आईंना अवघड असेल तर मागच्या बाजूला उभं राहून दर्शन घ्यावं. मग ओवरी, निवांत, तासभर. तोवर ऊन चढेल. मग आवारातच राणी सिरिकित वस्त्रसंग्रहालय आहे, ते याच तिकिटावर बघता येतं आणि वातानुकूलित आहे. राजघराण्याचे रेशमी पोशाख बघत पाऊण तास थंडाव्यात जातो. तिकिटाचा कागद मात्र जपून ठेवा. रामकियनवरचं मुखवट्यांचं नृत्यनाट्य, खोन, त्याचा छोटा प्रयोग सोमवार ते शुक्रवार याच तिकिटात असतो. तिकीट घेतानाच खिडकीवर त्या दिवसाच्या वेळा विचारा.

120 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना तिकीट नाही. सात वर्षांची मुलगी त्याच्या आसपास असेल, घरी भिंतीला उभी करून मोजा. ती कमी भरली तर चार तिकिटं, 2000 बाट. कपड्यांच्या बाबतीत इथे खरंच परत पाठवतात: खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, हाफपँट, स्लीव्हलेस, फाटकी जीन्स चालत नाही. आईंची साडी उत्तम, फक्त ब्लाउजला बाह्या असू द्या. नवऱ्याला आदल्या रात्रीच फुलपँट काढून ठेवायला सांगा, नाहीतर दाराबाहेर हत्तीच्या चित्रांची सैल पायजमा-पँट विकत घेण्यात वीस मिनिटं आणि पैसे जातील.

राजवाड्याच्या भिंतीलगत चालताना एखादा नीटनेटका माणूस गोड बोलून सांगेल की आज पूजा आहे, राजवाडा एक वाजता उघडेल, तोवर माझ्या ओळखीचा टुकटुकवाला वीस-चाळीस बाटात चार देवळं दाखवेल. थांबू नका. ही इथली जुनी फसवणूक आहे. टुकटुक शेवटी रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात नेऊन सोडतो आणि "भारतात दुपटीने विकाल" म्हणून हलके खडे गळ्यात मारतात. राजवाडा रोज उघडा असतो. क्वचित राजघराण्याच्या समारंभासाठी बंद असतो, ते आदल्या दिवशी त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर दिसतं. पॅकेजमधल्या जेम्स गॅलरीचं गणितही फार वेगळं नाही: खरेदीवर आणणाऱ्याला कमिशन मिळतं. एजंटला सांगून तो थांबा लेखी काढून टाका.

आता राहण्याचं. एजंट बहुधा प्रातुनाममध्ये हॉटेल देईल, भारतीय जेवण आणि घाऊक कपडे तिथे मुबलक म्हणून. पण तिथून स्कायट्रेनला चालत जावं लागतं, आणि गाडीने निघालात तर चौकातच अर्धा तास जातो. गुडघे दुखत असतील तर हॉटेलपासून स्टेशनापर्यंतचं अंतर हाच खोली निवडायचा पहिला निकष. सिलोम-साथोन भागात, सुरासक किंवा सफान ताक्सिन स्टेशनाजवळ बघा. सफान ताक्सिनला उतरलं की खालीच साथोनचा धक्का, म्हणजे चाओ फ्राया नदी दारात. जवळच तमिळ लोकांनी बांधलेलं मरिअम्मन मंदिर आहे आणि त्या अंगाला भारतीय खानावळीही सापडतात. खोली घेताना लिफ्टजवळची मागा.

बँकॉक 1782 साली "पहिला राम" या थाई राजाने नदीच्या वळणावर वसवलं, आणि जुन्या शहरातली मोठी ठिकाणं आजही नदीलगतच आहेत. म्हणून बसने भटकण्यापेक्षा होडीने जाणं सोपं. साथोनहून नारिंगी झेंड्याची होडी धरा, तिकीट 16 बाटच्या आसपास, कितीही लांब जा. कंडक्टर हातातली पत्र्याची नळी खुळखुळ वाजवत येते, तिच्यातच नाणी आणि तिकिटं. राजवाड्यासाठी "ता चांग" या धक्क्यावर उतरायचं. पण एक गोष्ट नीट समजून घ्या: होडी धक्क्याला जेमतेम मिनिटभर टेकते. मागच्या टोकाला उभा असलेला माणूस शिट्ट्या फुंकून खुणा करतो, दोर टाकतो, माणसं उतरतात-चढतात, आणि होडी सुटतेच. होडी आणि धक्का दोन्ही हलत असतात. ज्येष्ठ माणूस पडतो तो याच क्षणी, कारण जागेवरून उशिरा उठल्यामुळे घाई होते. ता चांगच्या आधीचा धक्का गेला की आईंना उठवून मागच्या दाराशी आणा, दांडा धरायला सांगा. नवऱ्याने आधी उतरून हात द्यायचा, तुम्ही मागे, मुलं तुमच्याही मागे. दाराजवळ भिक्षूंची राखीव जागा असते, तिथे बसू नये, आणि बायकांनी भिक्षूंना स्पर्श होऊ देऊ नये. एवढं जमणार नाही असं वाटलं तर सकाळी सातच्या सुमारास टॅक्सी करा, तोवर रस्ते तुंबलेले नसतात. मीटर 35 बाटपासून सुरू होतो. मीटर नको म्हणणारी टॅक्सी सोडून द्या किंवा ग्रॅब या अ‍ॅपवरून मागवा. सेन सेप कालव्यातल्या अरुंद होड्यांचं नाव मात्र काढू नका. तिथे दोरीला धरून कठड्यावरून आत उतरावं लागतं आणि कालव्याचं पाणी अंगावर उडतं.

पहिल्या दिवशी राजवाडा, बस्स. दुपारी बारा ते चार हॉटेल. ऑक्टोबरअखेरीसही तिथे बत्तीस-तेहतीस अंश आणि घामट हवा असते, पाऊसही पुरता गेलेला नसतो. एजंटच्या यादीत ही झोप नसते, आणि मग संध्याकाळी मुलं रडतात, नवरा-बायको भांडतात.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास मेट्रोच्या निळ्या मार्गावर सनाम चाय स्टेशन. सजावट दरबारासारखी, आणि वर यायला सरकते जिने व लिफ्ट. पाच-सात मिनिटांवर वाट फो, तिकीट 300 बाट. पहुडलेला बुद्ध 46 मीटर लांब आणि 15 मीटर उंच आहे. इमारत त्याच्याभोवती अशी घट्ट बसलीये की अख्खा एका नजरेत मावत नाही. तळपायांपाशी थांबा: मोत्याच्या शिंपल्यांत जडवलेली 108 शुभचिन्हं आहेत. मागच्या बाजूला 108 वाट्या ओळीने मांडलेल्या असतात. वीस बाट देऊन सुट्या नाण्यांचं भांडं घ्यायचं आणि एकेक नाणं टाकत जायचं. टिण टिण आवाजाने ती लांबच लांब खोली भरून जाते. मुलीला हे काम द्या.

थाई मालिशची शाळाही याच मंदिरात आहे. आईंना पायाची मालिश करून घ्यायची असेल तर गुडघ्याला हात लावू नका हे आधी सांगा, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गुठळीचा त्रास किंवा नुकतीच शस्त्रक्रिया असेल तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारा. पूर्ण अंगाची थाई मालिश सांधे ओढते-पिळते, ती त्यांच्यासाठी नाही.

वाट फोहून ता तियनच्या धक्क्यावर या. नदी ओलांडणारी छोटी नाव पाच-दहा बाटात पलीकडे सोडते. समोर वाट अरुण, सूर्याच्या सारथ्याच्या नावाचं. तिकीट 200 बाट, सहाला बंद. लांबून करडा दिसणारा मनोरा जवळ गेल्यावर चिनी मातीच्या तुकड्यांच्या फुलांनी भरलेला दिसतो. वरच्या कोनाड्यांत ऐरावतावर बसलेला इंद्र आहे. आईंना बाकावर बसून तो दिसेल. चढायच्या पायऱ्या खूप उभ्या आहेत. बाप-लेकांनी चढावं, तुम्ही खाली थांबावं. सगळ्यांनी सगळं एकत्रच बघितलं पाहिजे, असा नियम कुठे आहे? सोन्याचा डोंगर, वाट साकेत, तसाच: तीनशेवर पायऱ्या. नवऱ्याला ते हवंच असेल तर एका सकाळी तो आणि मुलगा दोघंच जाऊन येऊ देत.

तिसरा दिवस मुलांचा. सकाळी सातला लुंपिनी बाग, फुकट. तळ्याकाठी माणसाएवढ्या लांब घोरपडी ऊन खात पडलेल्या असतात, पाण्यातून शांतपणे पोहत जातात. चार हात लांबून बघायचं, खायला काही टाकायचं नाही. सफारी वर्ल्ड शहराबाहेर आहे आणि पूर्ण दिवस खातं, घोरपडींवर मुलं तेवढीच खूष होतात. नंतर स्कायट्रेनने चित लोम. इथे चौकात एरावान देवालय आहे, 1956 पासूनचं. नाव ऐरावताचं, पण मूर्ती चतुर्मुख ब्रह्मदेवाची, ज्याचं देऊळ आपल्याला पुष्करला जाऊन शोधावं लागतं. नवस फेडणारे लोक पैसे देऊन पारंपरिक नाच करवतात, तो तुम्हीही उभं राहून बघू शकता. पुढे सेंट्रलवर्ल्ड मॉलच्या अंगणात गणपती आहे, फ्रा फिकनेत. थायलंडच्या ललित कला विभागाच्या बोधचिन्हावरही तोच आहे. लोक त्याला ऊस, केळी, दूध वाहतात. मोदक नसले तरी आई हात जोडल्याशिवाय पुढे जाणार नाहीत. ऊन झालं की लगेच मॉलचा थंडावा, मुलांचं मत्स्यालय, तुमची खरेदी. पाच मॉल कशाला? हा एक पट्टा पुरे.

जेवणाची काळजी तुम्ही सगळ्यात जास्त करताय, आणि तिथेच बँकॉक तुम्हाला साथ देईल. "जे" नावाचं जेवण शोधा. पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षर असतं, इंग्रजी सतरासारखं दिसतं. ही चिनी बौद्धांची पद्धत: मांस, मासे, अंडी, दूध काही नाही, आणि कांदा-लसूणही नाही. आईंचा चातुर्मास कार्तिकीपर्यंत चालणार, त्यात हे चपखल बसतं. मागताना "किन जे" म्हणायचं. नुसतं "व्हेज" म्हणू नका, कारण भाज्यांच्या पदार्थातही नाम प्ला म्हणजे माशांचं पाणी असतं. हिरव्या-लाल करीच्या वाटणात आंबवलेली कोळंबी, आणि पपईच्या कोशिंबिरीत माशांचं पाणी आणि सुकी कोळंबी दोन्ही. "माय साय नाम प्ला" आणि अंड्यासाठी "माय साय खाय", ही दोन वाक्यं थाईत लिहून फोनमध्ये ठेवा आणि दाखवा. नारळाच्या दुधातला आंबा-चिकट भात निर्धास्त खा. फाहुरातच्या भारतीय बाजारात गुरुद्वारा आहे, तिथे लंगर मिळतो. तरीही दशम्या, खाकरे, मेतकूट बरोबर असू द्या. रात्री दहाला भूक लागली की तेच कामाला येतात.

एजंटला आता काय सांगायचं: एसआयसी, म्हणजे सगळ्यांची मिळून बस, नको. विमानतळाची ने-आण आणि हॉटेल एवढंच लँड पॅकेज द्या, बाकी आमचं आम्ही बघू. जाताना आणि येताना आईंसाठी विमान कंपनीकडे व्हीलचेअर तिकिटासोबतच नोंदवा. सुवर्णभूमी विमानतळावरची चाल लांब आहे. प्रवेशाचं डिजिटल कार्ड पोचण्याच्या तीन दिवस आत, प्रत्येकाचं वेगळं, सरकारी संकेतस्थळावर फुकट भरायचं असतं. पैसे मागणारं पान उघडलं तर ते चुकीचं. व्हिसाचे नियम बदलतात, तिकीट काढण्याच्या दिवशी पुन्हा बघा.

सुटी पुढे ढकलता येत असेल तर एक विचार करा. बहुतेक वर्षी आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्याच रात्री तिथे लोय क्राथोंग असतो. केळीच्या पानांच्या द्रोणात फुलं, उदबत्ती आणि मेणबत्ती ठेवून नदीत सोडतात. त्या रात्री धक्क्यांवर फार दाटी होते. आईंना घेऊन लुंपिनीच्या तळ्याकाठी जा, तिथे पाणी शांत असतं.

परतीच्या दिवशी विमानतळावर अर्धा तास जास्तीचा ठेवा. पासपोर्टचा शिक्का घेऊन आत गेलं की समोरच समुद्रमंथनाचं भलं मोठं शिल्प आहे. वासुकीच्या एका टोकाला देव, दुसऱ्या टोकाला असुर, मध्ये मंदार पर्वत आणि वर विष्णू. आईंची व्हीलचेअर तिथे थांबवा आणि मुलांना विचारा, आता हे काय चाललंय ते आजीला तुम्ही सांगा.